आजोबा सत्याग्रही, आणि नातवानं पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा?

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातला, वय २७. बी.एस्सी. केमिस्ट्री करून एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. पगारात भागतं, पण पुढे काही दिसत नाही. माझा मावसभाऊ २०१७ साली पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला. स्विंडनला एका गोदामात लागला, आता तिथे घरही घेतलंय. मडगावचा एक एजंट म्हणतो, आधी आजोबांचा, मग बाबांचा आणि शेवटी माझा जन्म लिस्बनला नोंदवायचा, की पासपोर्ट आलाच. बाबा सरकारी खात्यात आहेत, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. माझ्यासाठी कुठेही सही करायला ते तयार आहेत. आईला वाटतं, घर आणि कुळागर, म्हणजे आमची पोफळी-माडांची बाग, हातचं जाईल. मावसभाऊ म्हणतो, दोन्ही ठेव. त्याचं मतदार यादीतलं नाव अजून तसंच आहे, चवथीला (गणेशचतुर्थीला) येतो तेव्हा कोणी काही विचारत नाही. राहिले आजोबा. ते १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात पोर्तुगीजांकडून पकडले गेले होते, आग्वादच्या किल्ल्यात कैदेत होते. आता नव्वदी गाठलीय. त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. मी त्यांच्याशी गद्दारी करतोय का? दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतात का? आणि मावसभावासारखं वागलो तर बिघडलं कुठे?

उत्तर :

तुझ्या पत्रात प्रश्न तीन आहेत, पण त्यातल्या एकाचं उत्तर इतकं सरळ आहे की ते आधी देऊन टाकतो. दोन्ही नागरिकत्वं ठेवता येत नाहीत. भारताच्या नागरिकत्व कायद्याचं, म्हणजे १९५५ च्या कायद्याचं, कलम ९ सांगतं की भारतीय माणसानं स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही, कुणी नोटीस पाठवावी लागत नाही. परदेशी पासपोर्ट मिळणं हाच नियमांमध्ये निर्णायक पुरावा मानला आहे. म्हणजे तुझा मावसभाऊ 'दोन्ही ठेवलंय' म्हणतो तेव्हा त्याच्याकडे नागरिकत्व एकच आहे, पोर्तुगालचं. दुसऱ्या बाजूला उरलेत ते कागद, आणि ते वापरायचा हक्क त्याला राहिलेला नाही.

आता तुझ्या मनात हे सगळं कुठून सुरू झालं ते बघू. तू मावसभावाकडे बघून ठरवतोयस. तो गेला २०१७ मध्ये. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला तिथे जाऊन दुसऱ्या दिवशी कामाला लागता येत होतं. स्विंडन आणि साउथॉलमध्ये गोंयकारांची वस्ती वाढली ती याच वाटेनं. ती वाट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. त्याआधी तिथे राहत असलेल्यांना कायम राहण्याचा हक्क टिकवायला अर्ज करायचा होता, त्याची मुख्य मुदत ३० जून २०२१ ला संपली. तुझा भाऊ त्या मुदतीत बसला असणार. तू बसत नाहीस. आज तू पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन हीथ्रोला उतरलास तर पाहुणा म्हणून फिरता येईल, काम करता येणार नाही. कामासाठी तुला व्हिसा लागेल, आणि कामाचा व्हिसा तर भारतीय पासपोर्टवरही मागता येतो. एजंटानं हे तुला सांगितलं का? त्याच्या बोलण्यात 'इंग्लंड' किती वेळा आलं आणि 'व्हिसा' किती वेळा, ते आठवून बघ.

पोर्तुगीज पासपोर्टाला आज किंमत नाही असं मी म्हणत नाही. युरोपीय संघाच्या २७ देशांत राहायचा आणि काम करायचा हक्क त्यातून मिळतो, आणि ती फार मोठी गोष्ट आहे. पण मग तुझा बेत स्विंडनचा नाही, लिस्बन, डब्लिन किंवा फ्रँकफर्टचा आहे. त्यातल्या डब्लिनला इंग्रजी चालेल; बाकी ठिकाणी तिथली भाषा आल्याशिवाय प्रयोगशाळेतलं काम मिळणं कठीण, आणि तू गोदामात खोकी उचलायला क्वालिटी कंट्रोल शिकलेला नाहीस. तुला नेमकं काय हवंय? युरोपात नोकरी हवी आहे की युरोपचं नागरिकत्व? तुझ्या पत्रात या दोन गोष्टी एकच झाल्यात. पत्र परत वाचलंस तर दिसेल की तुझी तक्रार सगळी नोकरीची आहे. भारतीय असल्याचा त्रास तू एका ओळीतही लिहिलेला नाहीस.

नोकरीच हवी असेल तर भारतीय राहूनही दारं आहेत. जर्मनीनं जून २०२४ पासून शिकलेल्या लोकांना तिथे येऊन नोकरी शोधता यावी म्हणून संधी कार्ड सुरू केलं आहे, त्यात शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे गुण धरतात. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय कामगारांना रीतसर कामावर घेण्याचा करार झाला. औषधनिर्मितीत तुला अनुभव आहे, एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) चालवता येत असेल, ऑडिटला सामोरा गेला असशील; हा माल युरोपातल्या कंपन्यांना कळतो. ही वाट हळू आहे, त्यात नकार येतील. पण तिथे दोन वर्षं राहून 'मला हे जमत नाही' असं वाटलं तर तू विमानात बसून घरी येशील आणि तुझं इथलं काहीही गेलेलं नसेल. मतसुद्धा नाही : परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आपल्या गावच्या यादीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव ठेवता येतं, मतदानाला मात्र स्वतः यावं लागतं.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. तू लिहितोस, 'आधी आजोबांचा, मग बाबांचा, मग माझा.' हे तू प्रवासाचे टप्पे सांगावेत तसं लिहून गेलास. पण त्या प्रत्येक टप्प्यावर एक माणूस आहे आणि त्याचं स्वतःचं नागरिकत्व आहे. तू पोर्तुगीज ठरणार तो पोर्तुगीज बापाचा मुलगा म्हणून. म्हणजे तुझ्या आधी बाबांना लिस्बनच्या दप्तरात पोर्तुगीज म्हणून नोंदवावं लागणार. बाबा सरकारी नोकर आहेत आणि त्या नोकरीला भारतीय नागरिकत्व ही अट आहे. एजंट सांगेल, 'ती नुसती जन्माची नोंद, पासपोर्ट काढला नाही की काही होत नाही.' नुसत्या नोंदीनं नागरिकत्व जातं की नाही यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहेत, तक्रारी होतात. असा वाद उपस्थित झाला तर निर्णय केंद्र सरकारकडे जातो, मडगावच्या एजंटाकडे नाही. तीन वर्षांवर निवृत्ती आलेल्या माणसानं अशा वादात पाय टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाबा सही करायला तयार आहेत कारण ते तुझे बाबा आहेत. त्यांची तयारी आहे एवढ्यावर तू ती सही घेऊ नकोस. निदान निवृत्तीपर्यंत हा विषय थांबव, आणि त्यानंतरही एखाद्या वकिलाशी बाबांना स्वतंत्रपणे बोलू दे, तू शेजारी नसताना.

आजोबांचं तर आणखी वेगळं आहे. मुक्तीनंतर गोवा, दमण आणि दीवसाठी १९६२ मध्ये नागरिकत्वाचा आदेश निघाला. २० डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेले आणि त्यांची मुलं, नातवंडं त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. ज्यांना नको होतं त्यांना एका महिन्याच्या आत तसं लिहून द्यायचं होतं. तुझ्या आजोबांनी लिहून दिलं नाही. देणारच नव्हते, त्यासाठी तर ते आग्वादला राहून आले. दुसरीकडे पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरीस मान्य केलं, पण इथे आधी जन्मलेल्यांना आपलं नागरिक मानणं सोडलं नाही. तुझ्या हातात आलेली ही संधी त्या फटीतून आलेली आहे. त्यात लबाडी काही नाही. पोर्तुगालचा कायदाच तसा आहे.

मग गद्दारी का? मला नाही वाटत. आजोबा लढले ते गोव्यातल्या माणसाला आपलं आपण ठरवता यावं म्हणून, आणि त्या ठरवण्यात परदेशी जाण्याचं ठरवणंही आलं. पोटासाठी गोवा सोडणं गोंयकाराला नवं नाही. मुंबईतली कुडं (गोंयकारांच्या सामाईक राहण्याच्या जागा), बोटीवरच्या नोकऱ्या, आखात, सगळं घराघरात आहे. मला खटकतंय ते वेगळंच. ज्या माणसानं पोर्तुगीज सत्तेपुढे मान तुकवली नाही, त्याचं नाव पोर्तुगालच्या दप्तरात नागरिक म्हणून चढवायचं आणि त्याला सांगायचंही नाही, हे मला पटत नाही. नव्वदीतल्या माणसापुढे कागद ठेवून 'इथे अंगठा द्या, बँकेचं आहे' असं म्हणणारे एजंट आहेत आणि ते ऐकणारी घरंही आहेत. तुझं घर त्यातलं होऊ देऊ नकोस. त्यांच्याजवळ बस, सगळं सांग. ते नाही म्हणाले तर ती त्यांची सही आहे आणि ती न देण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ते 'कर' म्हणाले तर तुझ्या छातीवरचा दगड उतरेल. आणि कदाचित ते असं काही विचारतील जे आपल्या दोघांच्याही लक्षात आलेलं नाही.

आईच्या भीतीबद्दल. घर जात नाही. तू उद्या पोर्तुगीज झालास आणि ओसीआय कार्ड घेतलंस, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाला मिळतं ते, तरी वडिलोपार्जित घर आणि कुळागर तुला वारसानं मिळू शकतं. गोव्यात तर वारसाहक्काचा कायदा मुलांच्या बाजूनं भक्कम आहे, बापाला मृत्युपत्रानंसुद्धा मुलांचा राखीव हिस्सा सहजी काढून घेता येत नाही. पण आईची भीती अगदीच पोकळही नाही. ओसीआयवाल्याला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, आणि बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. म्हणून 'मी जिवंत असतानाच कुळागर मुलाच्या नावावर करून टाकतो' असं बाबांच्या मनात असेल, तर तू परदेशी नागरिक झाल्यावर ते करता येणार नाही. वारसा चालतो, बक्षीस चालत नाही. पुढे विकायची वेळ आली तर अशी जमीन भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. यातला एक भाग बहुतेकांना माहीत नसतो : विकत घेण्याची बंदी परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही लागू आहे. म्हणजे शेजारचं पोफळीचं आगर पुढेमागे घ्यायचा तुमचा विचार असेल तर अडचण नुसत्या नागरिकत्वाची नाही, तू कुठे राहतोस याचीही आहे.

ओसीआय कार्डाचं नाव ऐकून ते अर्धं नागरिकत्व आहे असा समज होतो. प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, सोबत काही सवलती. चवथीला ये, वर्षभर राहा, खासगी नोकरी कर, घर घे. मत देता येणार नाही, पंचायतीला उभं राहता येणार नाही, सरकारी नोकरी मिळणार नाही. २०२१ पासून पत्रकारिता, संशोधन अशा काही कामांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. आणि कायदा मोडल्यास सरकार ते कार्ड रद्द करू शकतं, नागरिकाला असं घरातून उठवता येत नाही. हा फरक रोजच्या जगण्यात जाणवत नाही, पण अडचणीच्या दिवशी तोच सगळ्यात मोठा ठरतो. परतीची वाट आहे : पाच वर्षं ओसीआय असलेल्याला, अर्जाआधी वर्षभर भारतात राहिल्यावर, पुन्हा भारतीय नागरिकत्व मागता येतं. मिळेलच असं नाही.

एवढं सगळं ऐकूनही, बाबा निवृत्त झाल्यावर आणि आजोबांशी बोलून झाल्यावर, तुम्ही घरच्यांनी मिळून ठरवलंत की पुढे जायचं, तर मी तुला अडवणार नाही. मग मात्र नीट कर. पहिलं काम घरच्या पेटीतले आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यातले कागद जुळवणं. तिथेच बहुतेक घरांची गाडी अडते. पोर्तुगीज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं : प्रभूचं पोरोबो, कामतांचं कामोतीं, आजीचं नाव एका कागदावर माहेरचं तर दुसऱ्यावर सासरचं. आजोबांच्या जन्माच्या नोंदीतली तारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख वेगळी निघेल. ही विसंगती सिव्हिल रजिस्ट्रारकडे किंवा कोर्टातून रीतसर दुरुस्त होते, वेळ लागतो. 'मी जुळवून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिर, कारण त्याचं जुळवणं म्हणजे बनावट दाखला, आणि तो पकडला गेला की नाव तुझं लागतं. मूळ कागद कुणाच्या हाती सोडू नकोस. पोर्तुगीजमध्ये लिहिलेल्या मुखत्यारपत्रावर, ते कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय, घरातल्या कुणीही सही करायची नाही.

आणि पासपोर्ट हातात आला की त्या दिवसापासून तू इथे परदेशी आहेस हे लक्षात ठेव, विमानात बसायच्या आधीसुद्धा. भारतीय पासपोर्ट ताबडतोब जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मतदार यादीतून नाव काढायचा अर्ज द्यायचा, बँकेला कळवायचं, इथे राहायचं असेल तितके दिवस परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची परवानगी घ्यायची, मग ओसीआय. कंटाळवाणं आहे, पण ही यादी पूर्ण केलेल्या माणसाला डाबोळी विमानतळाच्या काउंटरवर छाती धडधडू न देता उभं राहता येतं.

राहिला मावसभाऊ. 'बिघडलं कुठे' याचं उत्तर असं की बिघडेपर्यंत बिघडत नाही. नागरिक नसताना ते लपवून भारतीय पासपोर्ट काढला किंवा त्याचं नूतनीकरण केलं तर पासपोर्ट कायद्यात किमान एक ते कमाल पाच वर्षं कैद आहे. मतदार यादीत खोटं लिहून देणं हाही गुन्हा आहे. गावात निवडणुकीच्या वेळी कुणाचं कुणाशी फाटलं की अशी नावं बाहेर येतात, आणि तक्रार करणारा बहुतेक वेळा नात्यातलाच असतो. दर चवथीला त्याला कुणी विचारत नाही, कारण अजून कुणाला विचारायची गरज पडलेली नाही. उद्या मावशीच्या घराचा वारसा लागेल, विक्रीखत करायचं असेल, आजारपणात इथे वर्षभर राहायचं असेल, तेव्हा प्रत्येक टेबलावर हाच प्रश्न येईल.

तू त्याच्यासारखं करू नकोस, आणि त्यालाही तसं राहू देऊ नकोस. गोव्यात अशा बऱ्याच जणांचे भारतीय पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी थेट रद्द केले गेले होते, त्यामुळे त्यांना सरेंडर सर्टिफिकेट मिळेना आणि त्यावाचून ओसीआय अडकलं. २०२४ मध्ये केंद्रानं त्यांच्यासाठी सवलत जाहीर केली, पासपोर्ट रद्द झाल्याचं प्रमाणपत्रही ओसीआयसाठी चालेल अशी. म्हणजे उशिरा का होईना, सरळ व्हायला जागा आहे. त्याला सांग, पुढच्या वेळी येशील तेव्हा चार दिवस जास्त काढून ये, नागरिकत्वाची कामं करणारा वकील गाठ, जुना पासपोर्ट आणि मतदार कार्ड घेऊन जा, आणि त्याच्यापुढे काही लपवू नकोस. दंड भरावा लागेल बहुतेक. मतदार यादीतून नाव काढायचा अर्ज तर त्याला आजच करता येईल.